मध्येच बंद पडणारा आणि मग बूटच न होणारा घरचा पीसी : दुरुस्तीच्या नोंदी

मशीन २०१५ मध्ये सुटे भाग घेऊन जोडलेलं. इंटेल कोअर आय५-४४६०, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड (पुढे नुसता बोर्ड), ४ जीबीच्या दोन डीडीआर३ रॅम, १ टीबीची ३.५ इंची हार्डडिस्क. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. एसएमपीएस (मेन्सच्या विजेचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देणारा डबा) कॅबिनेटसोबत आलेला, स्टिकरवर ४५० वॅट. विंडोज १०. पुण्यातलं घर, लाइट गेली की इन्व्हर्टर. याच पिढीची मशीन अजून बऱ्याच घरांत चालू आहेत, म्हणून वाचन, आकडे आणि खर्च सगळं इथे लिहून ठेवलं आहे.

७ डिसेंबर २०२४, शनिवार

आज कॅबिनेट उघडलं नाही. आधी तक्रारी सुट्या करून लिहिल्या, कारण "कॉम्प्युटर बंद पडतो" या एका वाक्यात निरनिराळे बिघाड दडलेले असतात.

काम चालू असताना स्क्रीन काळी होऊन मशीन थेट रीस्टार्ट, निळी स्क्रीन न येता. कधी निळी स्क्रीन येते, पण कोड दरवेळी वेगळा: मेमरी मॅनेजमेंट, पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, केर्नल डेटा इनपेज एरर. थंडीत सकाळी बटण दाबलं की पंखा जरासा हलून थांबतो, आणि तासाभराने तेच बटण दाबलं की मशीन चालू. लाइट जाऊन इन्व्हर्टर लागला की हा रीस्टार्ट होतो, शेजारचा राउटर आणि टीव्ही मात्र चालूच. घड्याळ अधूनमधून काही वर्षं मागे जातं. आणि आता शेवटची अवस्था: कधी "प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" वर अडकून पुन्हा रीस्टार्ट, कधी काळ्या स्क्रीनवर "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस".

निळ्या स्क्रीनचा कोड दरवेळी बदलतो, ही यातली सगळ्यात कामाची खूण. ड्रायव्हर खराब असेल तर साधारण तोच कोड, त्याच फाइलचं नाव पुन्हा पुन्हा येतं. कोड भरकटत असेल तर संशय रॅम, वीजपुरवठा किंवा डिस्कवर घ्यावा.

ऑटोमॅटिक रिपेअरच्या फेऱ्या इथेच थांबवल्या. चेकडिस्कही (डिस्क तपासून दुरुस्त करणारी विंडोजची आज्ञा) चालवली नाही. नेटवर पहिला सल्ला तिचाच मिळतो, पण डिस्क मरायला टेकली असेल तर चेकडिस्क स्लॅश-आर प्रत्येक सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) वाचायला जाते, वाचता न आलेल्या जागी फाइलची नोंद दुरुस्त करायला जाते, आणि जे काढता आलं असतं तेही हातचं जातं. डेटा बाहेर काढल्याशिवाय डिस्कवर काहीही लिहायचं नाही.

दुसऱ्या लॅपटॉपवर रुफस (पेनड्राइव्ह बूट होण्याजोगा करणारा प्रोग्रॅम) वापरून ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट २२ (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) टाकलं. हार्डडिस्कची डेटा केबल काढून मशीन फक्त पेनड्राइव्हवर चालवलं. ब्राउझरमध्ये व्हिडिओ लावून ठेवला. पाऊण तासाच्या आत मशीन गोठलं, माउसही हलेना. म्हणजे विंडोज निर्दोष, आणि डिस्क एकटी दोषी नाही. विंडोज पुन्हा टाकून हा प्रश्न सुटला नसता. दुकानात नेल्यावर बहुतेक वेळा पहिला उपाय तोच होतो.

८ डिसेंबर, रविवार

डेटा. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली. ३.५ इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, त्यामुळे लॅपटॉपच्या डिस्कसाठी मिळणारी साधी यूएसबी-साटा केबल चालत नाही. स्वतंत्र १२ व्होल्टचा अॅडॉप्टर असलेली घ्यावी लागते, ९५० रुपये.

स्मार्ट वाचन (डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या ठेवते त्या नोंदी):

रीअलोकेटेड सेक्टर (०५): २४
करंट पेंडिंग सेक्टर (सी५): १३६
अनकरेक्टेबल (सी६): १३६
सीआरसी एरर (सी७): ०

सी७ शून्य, म्हणजे साटा केबल (डिस्कची डेटा केबल) ठीक. सी५ मधले १३६ सेक्टर डिस्कला वाचता येत नाहीत आणि अजून राखीव सेक्टरने बदलूनही दिलेले नाहीत. क्रिस्टलडिस्कइन्फो (हेच वाचन दाखवणारा विंडोजचा प्रोग्रॅम) वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, त्यात हे आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळा अंकांच्या पद्धतीत, दिसतात. हेच १३६ तिथे ८८ असे दिसतील. सेटिंगमध्ये दशमान करून घ्यावं, नाहीतर दोन वेगळ्या प्रोग्रॅममधल्या आकड्यांची तुलना चुकते.

फाइल मॅनेजरने कॉपी करण्याच्या फंदात पडू नये. एका खराब सेक्टरवर कॉपी अडकते, डिस्क तीच जागा पुन्हा पुन्हा खरवडते, आणि बाकीचा चांगला भाग वाचायचा राहून जातो. लिनक्समध्ये जीएनयू डीडीरेस्क्यू हा खराब डिस्कची प्रत काढणारा प्रोग्रॅम वापरला (मिंट-उबंटूत पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू). क्रम असा: आधी सोर्स डिस्क, मग इमेज फाइल (अख्ख्या डिस्कची प्रत), मग मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद). पहिली फेरी डॅश-डी आणि डॅश-एन देऊन. डॅश-डी म्हणजे सिस्टिमचा कॅशे टाळून डिस्क थेट वाच, डॅश-एन म्हणजे अवघड जागा सोडून आधी सोपं सगळं उचल. दुसरी फेरी डॅश-एन काढून आणि डॅश-आर३ (राहिलेल्या जागा तीनदा पुन्हा वाचून बघ) देऊन, त्याच मॅप फाइलसह. मॅप फाइल असली की काम मध्येच थांबलं तरी तिथूनच पुढे सुरू होतं. ती खराब डिस्कवर ठेवू नये.

सोर्स आणि डेस्टिनेशनची अदलाबदल झाली तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर लिहिली जाते, आणि परतीची वाट नाही. म्हणून एंटर दाबण्याआधी एलएसबीएलके (जोडलेल्या डिस्कची यादी देणारी आज्ञा) मध्ये साइज, मॉडेल आणि सीरियल नंबर दिसतील अशी यादी काढून डिस्कच्या लेबलशी ताडून बघितली. इमेज २ टीबीच्या एक्सटर्नल डिस्कवर गेली. ती डिस्क एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपुढची एक फाइल मावत नाही.

वेळ इथे गेला: केबल लॅपटॉपच्या यूएसबी २ पोर्टात होती, वेग सेकंदाला ३३ एमबीच्या आसपास, १ टीबीला आठ तासांहून जास्त. निळ्या (यूएसबी ३) पोर्टात बदलल्यावर वेग १०० एमबीच्या पुढे गेला. मॅप फाइल असल्यामुळे आधीचं वाचलेलं वाया गेलं नाही. खराब पट्ट्याची दुसरी फेरी मात्र रात्रभर चालली. शेवटी न वाचलेला भाग २ एमबीपेक्षा कमी.

१० डिसेंबर, मंगळवार

इमेज लिनक्समध्ये लूप डिव्हाइस म्हणून (फाइल असूनही डिस्कसारखी), फक्त वाचण्यासाठी जोडली आणि त्यातून सिस्टिमचा इव्हेंट लॉग काढला. विंडोज फोल्डर, सिस्टिम३२, विनइव्हीटी, लॉग्ज, त्यात "सिस्टिम" नावाची फाइल. ती दुसऱ्या कुठल्याही विंडोज मशीनच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये उघडते. मशीन बूट होत नसलं तरी त्याची डायरी वाचता येते, ही सोय फारच थोडे लोक वापरतात.

केर्नल-पॉवर ४१ च्या, म्हणजे मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झाल्याच्या, भरपूर नोंदी. बहुतेकांत बगचेककोड (निळ्या स्क्रीनचा कोड) शून्य. शून्याचा अर्थ विंडोजला क्रॅश नोंदवायलाही वेळ मिळाला नाही: वीज गेली किंवा मशीन जागीच गोठलं. अशा नोंदी जुलैपासून आहेत. "डिस्क" स्रोताची ७ क्रमांकाची नोंद, म्हणजे खराब ब्लॉक, पहिल्यांदा ऑक्टोबरात दिसते.

हा क्रम महत्त्वाचा वाटला. डिस्क आधी खराब होऊन मशीन पडायला लागलं असतं, तर ७ च्या नोंदी आधी आल्या असत्या. इथे वीज आधी तुटत होती आणि डिस्क नंतर आजारी पडली. लिहीत असताना वीज तुटली की सेक्टर अर्धवट लिहिला जातो आणि त्याचा चेकसम (मजकूर बरोबर आहे का ते ताडायचा आकडा) जुळत नाही. पेंडिंगमधले काही सेक्टर या प्रकारचे असू शकतात. पण २४ सेक्टर आधीच बदलले गेले आहेत, त्यामुळे डिस्कला क्लीन चिट नाही. आता नवीन एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) घेऊन जुन्या एसएमपीएसवर लावली असती तर काही महिन्यांत तीही संकटात आली असती.

११ डिसेंबर, बुधवार

रॅम. मेमटेस्ट८६+ (रॅम तपासणारा प्रोग्रॅम) पेनड्राइव्हवर, दोन्ही पट्ट्या लावून. दुसऱ्या फेरीत एरर आले. इथे बहुतेक जण थांबतात आणि नवीन रॅम आणतात.

पट्ट्या एकेक करून त्याच स्लॉटमध्ये तपासल्या. दोन्ही स्वच्छ. दुसऱ्या स्लॉटमध्ये, तरीही स्वच्छ. पुन्हा दोन्ही लावल्या, पुन्हा एरर, पण पत्ते वेगळे. रॅमची एखादी पेशी खराब असेल तर एरर त्याच पत्त्यावर, त्याच बिटवर परत परत येतो. पत्ता दरवेळी फिरत असेल तर खोट संपर्कात, बोर्डवर किंवा व्होल्टेजमध्ये.

संपर्क साफ केले: सोनेरी पट्टीवर पांढरा खोडरबर हलक्या हाताने एकाच दिशेने, भुगा ब्रशने झटकला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडाने पुसून पूर्ण वाळू दिलं. सॅंडपेपर कधीच नाही, सोन्याचा थर मायक्रॉनपेक्षा पातळ असतो. स्लॉट ब्रशने आणि हवेच्या फुग्याने साफ केले. रात्री मेमटेस्ट स्वच्छ गेला. सकाळी गार मशीनवर पुन्हा एरर. गारठ्याशी संबंध आहे, हे इथे पक्कं झालं.

१४ डिसेंबर, शनिवार

एसएमपीएस मोजला. आधी मल्टिमीटरची ९ व्होल्टची बॅटरी बदलली. मीटरची बॅटरी उतरली की स्वस्तातले मीटर खऱ्यापेक्षा जास्त व्होल्टेज दाखवतात, आणि मग आजारी एसएमपीएस ठणठणीत दिसतो.

मर्यादा अशा: १२ व्होल्ट (पिवळी वायर) ११.४० ते १२.६०, ५ व्होल्ट (लाल) ४.७५ ते ५.२५, ३.३ व्होल्ट (केशरी) ३.१४ ते ३.४६, जांभळी स्टँडबाय वायर (मशीन बंद असतानाही चालू राहणारी) ४.७५ ते ५.२५.

सगळीकडे सांगितली जाणारी क्लिपची चाचणी केली: २४ पिनचा कनेक्टर बोर्डातून काढायचा, हिरवी वायर शेजारच्या काळीला तारेने जोडायची. पंखा फिरला, १२.०८, ५.०६, ३.३५. उत्तम आकडे, आणि निरुपयोगी. भार नसताना खराब एसएमपीएसही असेच आकडे देतो. ही चाचणी एसएमपीएस पूर्ण मेला आहे का, एवढंच सांगते.

खरं मोजमाप भारावर. कनेक्टर बोर्डाला लावलेलाच ठेवून, मीटरची टोकं मागच्या बाजूने वायरच्या कडेने आत सरकवायची. दोन पिनना एकाच टोकाचा स्पर्श होता कामा नये. बारीक टोकाच्या प्रोब नसतील तर शिवणाची सुई प्रोबला बांधून चालते. १२ व्होल्ट प्रोसेसरजवळच्या ४ पिनच्या कनेक्टरवर मोजावे, कारण प्रोसेसरचा भार तिथेच पडतो.

मशीन नुसतं चालू असताना: १२ चे ११.७२, ५ चे ५.१४.
लिनक्समधून स्ट्रेस-एनजीने (मुद्दाम भार टाकणारा प्रोग्रॅम) चारही कोअर लावल्यावर: ११.२८ आणि ५.२१. थोड्याच वेळात रीस्टार्ट.

१२ खाली आणि ५ वर, ही जोडी नजरेत ठेवावी. स्वस्त एसएमपीएसमध्ये दोन्ही रेल्सचं (१२ आणि ५ व्होल्टच्या लाइनींचं) नियंत्रण एकाच सर्किटकडे असतं. एकीकडे ओढ पडली की दुसरी वर चढते. बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या पानांत) मात्र ११.९ दिसत होते. बोर्डाच्या सेन्सरवर असा निर्णय सोडू नये.

स्टँडबाय: रात्रभर बंद ठेवून सकाळी गार असताना प्लग लावला, तर ४.६१. तासाभराने ४.९४. सकाळच्या बटणाचं कोडं इथे सुटलं. एसएमपीएसमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर (वीज साठवणारे डबीसारखे भाग) सुकत चालले की त्यांचा अंतर्गत रोध वाढतो, आणि थंडीत तो आणखी वाढतो. प्लग लावून ठेवला की स्टँडबाय सर्किट स्वतःच्या उष्णतेने हळूहळू गरम होतं आणि मशीन उठतं. खात्रीसाठी दुसऱ्या गार सकाळी हेअर ड्रायरची कोमट हवा एसएमपीएसच्या मागच्या जाळीतून दोन मिनिटं सोडली. मशीन लगेच चालू.

रिपल (डीसीवर उरलेली थरथर) मल्टिमीटरवर नीट दिसत नाही, त्याला ऑसिलोस्कोप हवा. मीटर एसी रेंजवर ठेवून अंदाज घेणाऱ्यांनी प्रोबला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर सीरिजमध्ये लावावा. स्वस्त मीटर एसी रेंजवर डीसीही मोजतो आणि भलताच आकडा दाखवतो.

१५ डिसेंबर, रविवार

शेजारच्या मशीनमधला चांगला एसएमपीएस मागून आणून कॅबिनेटबाहेर ठेवूनच जोडला. बाकी काहीही बदललं नाही, त्याच रॅम, तोच बोर्ड. गार सकाळी पहिल्या दाबात चालू. स्ट्रेसवर १२ व्होल्ट ११.९६. मेमटेस्ट रात्रभर, शून्य एरर.

नवीन काही विकत घेण्याआधी ही अदलाबदल करणं हा यातला सगळ्यात स्वस्त आणि निर्णायक पुरावा. मॉड्युलर (केबल सुट्या होणारा) एसएमपीएस असेल तर त्याच्या स्वतःच्याच केबल आणाव्यात. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक वेगळी असते. कनेक्टर बसतो, आणि डिस्कच्या ५ व्होल्टच्या जागी १२ जातात.

भिंतीचा सॉकेटही मोजला. मीटर एसी ७५० रेंजवर, लाल प्रोब व्होल्टच्या भोकात. ती १० अँपियरच्या भोकात राहिली तर मेन्सचा थेट शॉर्ट होतो, म्हणून प्रोब लावण्याआधी भोकं बघण्याची सवय हवी. फेज-न्यूट्रल २३१, फेज-अर्थ २३०, न्यूट्रल-अर्थ २. सॉकेट ठीक. मग मशीन ज्यावर चालतं त्या एक्स्टेंशन बोर्डवर मोजलं: अर्थ तुटलेली. बोर्ड उघडल्यावर हिरवी वायर स्क्रूखालून निसटलेली दिसली.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत होत्या त्या यामुळे. एसएमपीएसच्या फिल्टरमध्ये फेज आणि न्यूट्रल दोन्हींपासून कॅबिनेटकडे छोटे कपॅसिटर असतात. अर्थ तुटली की कॅबिनेट साधारण अर्ध्या मेन्सवर, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास तरंगतं. करंट अगदी कमी असतो, पण त्याच अवस्थेत यूएसबी किंवा एचडीएमआय केबल काढघाल केल्याने पोर्ट जाऊ शकतात. मशीन पडण्याचं कारण ही अर्थ नव्हे. तरी दुरुस्त न करता सोडण्यासारखी नाहीच. एक्स्टेंशन नवीन घेतला.

इन्व्हर्टरचं कोडंही सुटलं. वीज गेल्यापासून इन्व्हर्टर लागेपर्यंत काही मिलिसेकंद जातात. तेवढा वेळ एसएमपीएसने आपल्या मुख्य कपॅसिटरमधल्या साठ्यावर मशीन सांभाळायचं असतं. एटीएक्स या पीसीच्या मानकाच्या मार्गदर्शकात हा अवधी १६-१७ मिलिसेकंद धरला आहे. कपॅसिटर म्हातारा झाला की अवधी घटतो. राउटर आणि टीव्ही कमी वीज ओढतात, म्हणून ते तगतात. शिवाय इन्व्हर्टरच्या मागचा स्विच यूपीएस मोडवर नव्हता. त्या मोडमध्ये बदल लवकर होतो. स्विच तिकडे केला, तरी जुन्या एसएमपीएसवर मशीन पडलंच. वरवर इन्व्हर्टरची वाटणारी तक्रारही मुळात एसएमपीएसचीच.

१८ डिसेंबर, बुधवार

एसएमपीएस विकत. जुन्याच्या स्टिकरवर ठळक अक्षरात ४५०, पण खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टसमोर १४ अँपियर. १२ गुणिले १४ म्हणजे १६८ वॅट. आजच्या मशीनचा जवळजवळ सगळा भार १२ व्होल्टवर असतो, त्यामुळे तोच आकडा खरा. प्रोसेसर ८४ वॅटचा, बोर्ड-रॅम-पंखे मिळून ३० धरा, डिस्क सुरू होताना २०-२५. नवा असताना १६८ मध्ये भागत होतं. नऊ वर्षांनी नाही.

नवीन: ४५० वॅट, ८० प्लस ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा), १२ व्होल्टवर ३६ अँपियर म्हणजे ४३२ वॅट. २,८५० रुपये. घेताना केबलची लांबी बघावी. कॅबिनेटमध्ये एसएमपीएस खाली बसत असेल तर प्रोसेसरची ४ पिनची केबल बोर्डच्या वरच्या टोकापर्यंत पुरत नाही.

हॅसवेल पिढीच्या (इंटेल कोअरची चौथी पिढी, हा आय५ त्यातलाच) प्रोसेसरसाठी एक वेगळी गोष्ट. सी६ आणि सी७ (स्मार्टमधले सी६-सी७ वेगळे) या झोपेच्या अवस्थांत हे प्रोसेसर १२ व्होल्टवर ०.०५ अँपियर इतकंच ओढतात. त्याआधीच्या डिझाइनचे काही एसएमपीएस एवढ्या कमी भारावर डळमळतात, आणि मशीन काम नसताना पडतं. तशी तक्रार असेल तर बायोसमध्ये सी६-सी७ बंद करून बघावं, फुकटचा प्रयोग आहे. जुन्या एसएमपीएसवर तोही केला. मोकळ्या वेळी पडणं कमी झालं, भारावर पडणं होतं तसंच.

२१ डिसेंबर, शनिवार

जुना एसएमपीएस उघडला, आठवडाभर प्लगपासून लांब ठेवल्यानंतर. आतल्या मुख्य कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत चार्ज असतो. नुकताच काढलेला एसएमपीएस उघडू नये. उघडल्यावरही मीटरने शून्य बघितल्याशिवाय हात घालू नये. दुरुस्तीसाठी उघडायची गरजच नाही, इथे फक्त निदान ताडून बघायचं होतं.

आउटपुटकडचे दोन कपॅसिटर, १० व्होल्ट २२०० मायक्रोफॅरड, डोक्यावर फुगलेले. तिसरा वरून सपाट, पण बुडाशी रबर बाहेर आलेलं. पिवळसर-तपकिरी जाड थर सगळीकडे आहे, तो मात्र कारखान्यातला गोंद, गळलेला द्रव नव्हे. स्टँडबाय सर्किटचा छोटा कपॅसिटर दिसायला ठीक, मोजल्यावर लिहिलेल्या क्षमतेच्या निम्म्याखाली. म्हणजे फुगलेला नाही म्हणून चांगला, असं मानू नये.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीत हे कपॅसिटर शंभर रुपयांच्या आत मिळतात. कमी ईएसआरचे (अंतर्गत रोधाचे), १०५ अंशांचे बघून घ्यावे लागतात. सोल्डरिंग येणाऱ्याला मोह होतो. पण १६८ वॅटच्या डब्यात नवे कपॅसिटर घालूनही तो १६८ वॅटचाच राहतो, आणि त्यात धड संरक्षणही नाही. ई-कचऱ्यात दिला.

२२ डिसेंबर, रविवार

जोडणी. कूलर काढून जुनी सुकलेली थर्मल पेस्ट अल्कोहोलने पुसली, नवीन पेस्ट मटारच्या दाण्याएवढी मध्यभागी. इंटेलच्या सोबत येणाऱ्या कूलरच्या चार खुंट्या तिरप्या जोडीने दाबायच्या, मग बोर्डच्या मागून चारही पांढरी टोकं बाहेर आलीत का बघायचं. एक अर्धवट बसली तर कूलर एका कडेने उचलला जातो, आणि भारावर तापमान १०० अंशांच्या दिशेने पळतं. आता भारावर ६६.

सीमॉसची (घड्याळ आणि बायोसची सेटिंग सांभाळणारी) सीआर२०३२ बॅटरी २.४ व्होल्ट. नवीन ३ च्या वर असते. ४० रुपये. घड्याळ मागे जायचं ते हिच्यामुळे, आणि "रीबूट अँड सिलेक्ट" चा निम्मा घोळही हिच्याचमुळे. बॅटरी मेलेली असताना प्लग काढला की बायोस मूळ सेटिंगवर जातं. या बोर्डची मूळ सेटिंग फक्त यूईएफआय या नव्या पद्धतीच्या बूटची, आणि जुनी विंडोज एमबीआर या जुन्या पद्धतीने टाकलेली. बायोस परतलं की डिस्क चांगली असूनही बूट सापडत नाही. काही बोर्डांत साटा मोडही (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआयवरून आयडीईवर जातो, तेव्हा विंडोज "इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस" देते. हा दोष डिस्कच्या माथी मारून डिस्क फॉरमॅट झालेली उदाहरणं कमी नाहीत. बॅटरी काढण्याआधी बायोसच्या सगळ्या पानांचे फोटो मोबाइलवर काढावेत.

समोरचं पॉवर बटण चिकटत होतं. बटण आत राहिलं तर चार सेकंदांनी बोर्ड स्वतःच बंद होतो. शंका असेल तर बोर्डवरून बटणाच्या वायर काढून, त्या दोन पिना स्क्रू ड्रायव्हरने क्षणभर जोडून मशीन चालू करावं. इथे बटण साफ करून भागलं. बोर्डवर २० रुपयांचा बझर लावला. मशीन चालू होऊनही स्क्रीन काळी असेल तेव्हा रॅम काढून चालू केल्यावर बझर ओरडला पाहिजे. ओरडला तर बोर्ड आणि प्रोसेसर जिवंत आहेत.

२५ डिसेंबर, बुधवार

५०० जीबी साटा एसएसडी, ३,१५० रुपये. जुन्या इमेजवरून क्लोन केला नाही. न वाचलेले सेक्टर शून्यांनी भरलेले आहेत, त्यातले काही विंडोजच्या स्वतःच्या फाइलमध्ये असतील. विंडोज १० नव्याने टाकली, यूईएफआय-जीपीटी पद्धतीने. टाकताना फक्त एसएसडी जोडलेली ठेवावी. दुसरी डिस्क असली तर बूटलोडर कधीकधी तिच्यावर जाऊन बसतो, आणि पुढे ती काढली की मशीन बूट होत नाही. एच८१ वर चार साटा पोर्टांपैकी दोनच ६ गिगाबिटचे असतात. एसएसडी त्यातल्या एकाला, बोर्डवरचं लेखन वाचून. विंडोजचं डिजिटल लायसन्स बोर्डशी बांधलेलं असल्याने की न टाकता अॅक्टिव्हेट झाली.

कुठल्या फाइल खराब पट्ट्यात आल्या ते शोधायला डीडीरेस्क्यूचा फिल मोड वापरला, इमेजच्या प्रतीवर. न वाचलेल्या जागा एका ओळखीच्या शब्दाने भरायच्या, मग सगळ्या फाइलमध्ये तो शब्द ग्रेपने (फाइलमध्ये शब्द शोधणारी आज्ञा) शोधायचा. काही फोटो, एक व्हिडिओ आणि ब्राउझरचा कॅशे. फोटोंच्या प्रती फोनमध्ये होत्या. हे केलं नसतं तर बिघडलेल्या फाइल चांगल्या समजून बॅकअपमध्ये गेल्या असत्या.

२८ डिसेंबर, शनिवार

चाचण्या. मेमटेस्ट रात्रभर, शून्य. स्ट्रेस-एनजी दोन तास, १२ व्होल्ट ११.९८, ५ व्होल्ट ५.०३. मेन स्विच पाडून इन्व्हर्टरवर, पुन्हा मेन्सवर, असं भारावर असतानाही. मशीन हललं नाही. थंड सकाळी पहिल्या दाबात चालू, स्टँडबाय ५.०४.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१ ची एकच नोंद, ती मेन स्विच चुकून इन्व्हर्टर बंद असताना पाडल्याची. चाचणीच्या वेळा कागदावर लिहिलेल्या असल्याने लगेच जुळली.

४ जानेवारी २०२५, शनिवार

खर्च: एसएमपीएस २,८५०, एसएसडी ३,१५०, यूएसबी-साटा केबल ९५०, एक्स्टेंशन बोर्ड ६५०, थर्मल पेस्ट १८०, अल्कोहोल १२०, बॅटरी ४०, बझर २०. एकूण ७,९६० रुपये. मल्टिमीटर आणि एक्सटर्नल डिस्क आधीच होत्या. रॅम, बोर्ड, प्रोसेसर जुनेच.

एवढे पैसे या मशीनवर घालावेत का, हा प्रश्न रास्त आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ पर्यंतच, आणि चौथ्या पिढीचा हा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. पण एसएमपीएस आणि एसएसडी पुढच्या मशीनमध्ये जातील. टायपिंग, ऑनलाइन व्यवहार आणि मुलांच्या अभ्यासापुरतं ऑक्टोबरनंतर यावरच मिंट टाकता येईल, ते आठ तासांच्या चाचणीत सगळ्या हार्डवेअरसह चाललं आहे.

जुन्या हार्डडिस्कवर शून्य लिहून पाहिले. पेंडिंग १३६ वरून ० वर आले, रीअलोकेटेड २४ वरून ५१ वर. म्हणजे बरेच सेक्टर फक्त अर्धवट लिहिलेले होते आणि काही खरोखर गेलेले. आकडा वाढता असल्यामुळे ही डिस्क बॅकअपलाही ठेवली नाही. एक्स्टेंशनची अर्थ आज पुन्हा मोजली, न्यूट्रल-अर्थ २ व्होल्ट. पावसाळ्याआधी पुन्हा मोजायची आहे.